लोडशीट

त्या डिसेंबरात, बडोद्याला, हरणीच्या विमानतळावर
आम्ही एका रात्रीत चव्वेचाळीस खुर्च्या काढल्या.
जशभाई मेकॅनिक पान्याला शिव्या घालत होता गुजरातीत
आणि गंजलेल्या नटाची मनधरणी करत होता मराठीत.
ब्लॅकआउट. बॅटरीच्या काचेला निळा कागद.
खुर्च्या हँगरात मांडल्या रांगेनं,
पाठी ताठ, पट्टे मांडीवर मिटलेले,
समोर काहीच नाही.

सकाळी नऊ-चाळीसचं मुंबईचं विमान
फळ्यावरून पुसलं मी बाहीनंच.
रावपुऱ्याचे शहाशेठ तिकीट नाचवत आले,
भाचीचं लग्न आहे हो, चोक्कस पोचायचंय.
म्हटलं, शेठ, रात्रीची गाडी धरा.
अने विमान?
ते कामावर गेलंय.

माझं खातं वजनाचं.
घोरपडे, ट्रॅफिक असिस्टंट; हुद्दा बारीक, सही मोठी.
माणूस म्हणजे पंच्याहत्तर किलो,
पुस्तकात तसंच छापलंय.
मग तो मांडवीचा सराफ असो
की मुठीत अंगारा घट्ट धरून
पहिल्यांदाच उडणारी कुणाची सासू.
तान्ह्या मुलाचे दहा.

पण बंदुकीसकट माणूस किती?
पुस्तक गप्प.
लाकडाच्या वखारीतून काटा आणवला,
त्यावर ढलप्या अजून चिकटलेल्या.
एकेक जवान चढायचा, काटा थरथरायचा, थांबायचा.
एकानं वाकून बघितलं:
"बाबूजी, बढ़ गया क्या? लंगर अच्छा है आजकल."
एकशे दोन, मी लिहिलं,
बूट धरून, पाण्याची बाटली धरून.
नावाला रकाना नव्हता.
कुठे जाणार, त्या रकान्यात वरून आलेल्या हुकमाप्रमाणे
एक आडवी रेघ.

फिरोझाला घरी जायला सांगितलं होतं,
ती गेली नाही.
फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या त्या पोरांपुढून
तिनं रोजच्यासारखा ट्रे फिरवला,
संत्र्याच्या गोळ्या, कानात घालायला कापूस.
चढताना कान दुखतात, म्हणाली.
हसले सगळे. तोफांकडे निघालेले कान.
पण कापूस प्रत्येकानं घेतला.

आठव्या दिवशी विमान उतरलं. कंदिलांच्या उजेडात.
तेल भरून पुढं पुण्याला जायचं होतं,
म्हणून नवी लोडशीट माझ्याकडे.
आत चौदा स्ट्रेचर. डेटॉल, आणि डेटॉलखालचा दुसरा वास.
झोपलेल्या माणसाला काट्यावर उभं कसं करायचं?
डॉक्टर घाईत होते. सरसकट पंच्याहत्तर धरा.
धरले.
दारापासच्या एकाचं पांघरूण
डाव्या मांडीखाली एकदम सपाट झालं होतं,
गादीला टेकलेलं.
तोच का, ते ओळखू आलं नाही,
बाबूजी म्हणण्याच्या अवस्थेत तो नव्हता.
त्यालाही पंच्याहत्तर.
बेरीज केली, सही केली. नेहमीसारखी मोठी आली.
पहाटे कॅप्टन कोठावळ्यांना पुण्याला ट्रंक कॉल लावून विचारलं,
वजन बरोबर होतं ना?
लाईनवर खरखर. मग म्हणाले,
उडालं ठीक.

जानेवारीत खुर्च्या परत बसवल्या.
दोन नट सापडले नाहीत, जशभाईनं दुसरे घातले.
फरशी तीनदा धुतली,
तरी सातव्या रांगेत खिडकी नसल्यासारखं कोंदट वाटायचं.
शहाशेठ आले, लग्न झक्क पार पडलं म्हणाले,
आता नवऱ्यामुलाच्या गावी पेढे पोचवायचे.
पट्टा पोटाला पुरेना, फिरोझा ओढून सैल करत होती.
नव्वदीच्या खाली काही नसतील.
मी पंच्याहत्तर लिहिलं, रोजच्यासारखं,
आणि पेन्सिल तिथंच थांबली.
वरचे पंधरा.
बाहेर शिपाई फळ्यावर नऊ-चाळीस लिहून
बोटांचा खडू झटकत होता.